सान हुआनचे दोन किल्ले आणि त्यांची राखण

साताऱ्यातून दरवर्षी बरीच ज्येष्ठ मंडळी अमेरिकेत मुलाबाळांकडे जाऊन राहतात, आणि नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन एवढे पाहून झाले की त्यांचे फिरणे आटोपते. ज्यांना किल्ल्यांची मनापासून ओढ आहे, त्यांनी या यादीत प्वेर्तो रिको बेटाची राजधानी सान हुआन अवश्य घालावी, असे तेथे जाऊन आल्यावर माझे ठाम मत झाले आहे. अटलांटिक महासागर आणि कॅरिबियन समुद्र यांच्यामध्ये असलेल्या या बेटावर समुद्रकिनाऱ्यांसाठी येणारे पर्यटक पुष्कळ असतात, परंतु जुन्या शहराला वेढून असलेली स्पॅनिश तटबंदी आणि तिच्या दोन टोकांना उभे असलेले एल मोरो व सान क्रिस्तोबाल हे किल्ले एवढ्याच कारणासाठी तेथे जाणेही पूर्णपणे सार्थकी लागते. हे परीक्षण प्रामुख्याने या दोन किल्ल्यांचे आणि तेथे पर्यटकाला मिळणाऱ्या व्यवस्थेचे आहे.

जाण्याची सोय आधी सांगतो. प्वेर्तो रिको १८९८ पर्यंत स्पेनच्या ताब्यात होते आणि त्या वर्षीच्या स्पेन-अमेरिका युद्धानंतर पॅरिसच्या तहाने ते अमेरिकेकडे आले. त्यामुळे अमेरिकेच्या पर्यटक व्हिसावर गेलेल्यांना वेगळा व्हिसा काढावा लागत नाही आणि विमानही देशांतर्गत समजले जाते. न्यू जर्सीतील न्यूअर्कहून थेट विमान सुमारे चार तासांत पोहोचते. पासपोर्ट मात्र जवळ असू द्यावा. चलन डॉलर आहे, लोक आपसांत स्पॅनिश बोलतात, आणि किल्ल्यांवरील फलक व कर्मचारी दोन्ही भाषांत माहिती देतात.

माझी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, आणि निवृत्तीनंतर अजिंक्यताऱ्यावर सकाळी चढून जाणे हा माझा नेम आहे. त्यामुळे कोणत्याही किल्ल्यावर गेलो की तेथे पाणी कुठून येत होते, तट कशाने बांधला आहे आणि पावसाचे पाणी कसे वाहून जाते, याकडे माझे लक्ष आधी जाते. सान हुआनमध्ये या तिन्ही प्रश्नांची उत्तरे पाहणाऱ्याला जागेवरच मिळतात. तेथील राखणदारांनी किल्ला नुसता उभा ठेवलेला नाही, तर तो काम कसा करत होता हे दिसेल अशा रीतीने ठेवला आहे, आणि माझ्या दृष्टीने ही तेथील सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

हे किल्ले तेथेच का झाले, हे समजून घेतल्यावाचून पाहण्यात अर्थ नाही. शिडाची जहाजे स्पेनमधून निघून पूर्वेकडच्या व्यापारी वाऱ्यांवर पश्चिमेला येत, तेव्हा त्यांच्या वाटेवर भरपूर गोडे पाणी आणि सुरक्षित बंदर असलेले मोठे बेट म्हणजे प्वेर्तो रिको. ते ज्याच्या हाती, त्याच्या हाती पुढच्या सगळ्या समुद्राचे दार. मेक्सिको आणि पेरूची चांदी याच समुद्रातून युरोपकडे जात असल्यामुळे इंग्रज आणि डच यांची नजर या बंदरावर होतीच. तटबंदीसाठी लागणारा पैसाही बराचसा मेक्सिकोच्या खजिन्यातून येत असे. म्हणजे ज्या चांदीच्या राखणीसाठी किल्ले उभे राहिले, तीच चांदी त्यांच्या दगड-चुन्यात गेली.

एल मोरो हा बंदराच्या तोंडावर, खडकाच्या टोकावर उभा आहे. दुसऱ्या फिलिप राजाच्या संरक्षक संताचे नाव त्याला दिलेले असून पूर्ण नाव कास्तियो सान फेलिपे देल मोरो असे आहे. १५३९ मध्ये येथे एका लहान बुरुजापासून काम सुरू झाले, त्या शतकाच्या अखेरीस स्पॅनिश सेनाधिकारी हुआन दे तेखेदा आणि इटालियन स्थापत्यज्ञ बाउतिस्ता आंतोनेली यांच्या आराखड्यानुसार त्याला मोठे रूप आले, आणि पुढे जवळजवळ दोनशे वर्षे तो वाढतच राहिला. आज दिसणारा किल्ला सहा पातळ्यांचा असून समुद्रापासून सुमारे १४० फूट उंचीपर्यंत चढत जातो, आणि काही ठिकाणी त्याच्या भिंती १८ फूट जाडीच्या आहेत.

शहराकडून किल्ल्याकडे जाताना आधी एक विस्तीर्ण हिरवे मैदान लागते. तेथे झाड जवळजवळ नाहीच. सुट्टीच्या दिवशी शेकडो कुटुंबे या मैदानात पतंग उडवत असतात, आणि समुद्रावरून सतत वारा येत असल्यामुळे लहान मूलही पतंग सहज चढवते. हे मैदान सुशोभीकरणासाठी राखलेले नाही. ते किल्ल्याकडे हलक्या उताराने चढत जाते आणि शेवटी खंदकाच्या कडेला संपते, त्यामुळे जमिनीवरून चालून येणाऱ्या शत्रूला आडोसा मिळत नाही आणि तो थेट तोफांच्या माऱ्यात येतो. शिवाय दुरून पाहणाऱ्याला तटाचा खालचा बराच भाग या उताराआड झाकलेला राहतो, म्हणजे शत्रूच्या तोफगोळ्यांना तटाचा पाया सापडत नाही. मी मैदानाच्या मध्यावर थांबून पाहिले तेव्हा किल्ला अगदी बसका वाटला, आणि खंदकावरच्या पुलापाशी पोहोचल्यावर त्याची खरी खोली नजरेत आली. आपल्या डोंगरी किल्ल्यांनी जे काम कडा आणि चढण यांच्याकडून करून घेतले, ते येथे स्थापत्यज्ञांनी माती सारून, उतार काढून साधले आहे.

आत शिरल्यावर मधल्या चौकातून खाली सांता बार्बारा तोफखान्याकडे एक उभा उतार जातो. तोफा आणि दारूगोळा वरखाली नेण्यासाठी तो केलेला आहे, आणि तो उतरताना किल्ल्याची मांडणी डोक्यात पक्की बसते. अगदी खालच्या पातळीवरच्या तोफा पाण्यालगत, जहाजाच्या कडेवर मारा करणाऱ्या. त्यावरच्या पातळीवरच्या शिडांवर व डोलकाठ्यांवर. आणि सर्वांत वरच्या दूरवर, खाडीच्या तोंडापर्यंत. शत्रूचे जहाज एकाच वेळी तीन-चार पातळ्यांच्या माऱ्यात सापडावे, हा त्यामागचा हिशेब. विजयदुर्गाची तिहेरी तटबंदी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही कल्पना चटकन समजेल, फरक इतकाच की तेथे तट एकामागे एक आहेत आणि येथे पातळ्या एकावर एक.

तटाच्या कोपऱ्यांवर गोल घुमटाच्या छोट्या चौक्या आहेत, ज्यांना तेथे गारिता म्हणतात. प्वेर्तो रिकोच्या मोटारींच्या पाट्यांवरही त्यांचे चित्र असायचे, इतकी ती त्या बेटाची ओळख झाली आहे. मी त्यांपैकी एकीत जाऊन उभा राहिलो. आत एका माणसापुरतीच जागा. भिंतीत उभ्या अरुंद फटी आहेत, आणि प्रत्येक फटीतून समुद्राचा वेगळा तुकडा दिसतो. फटीची बाहेरची बाजू अरुंद आणि आतली रुंद, म्हणजे पहारेकऱ्याला बंदूक दोन्ही बाजूंना फिरवता यावी आणि बाहेरून गोळी आत येण्याची शक्यता कमी राहावी. आपल्या तटांतील जंग्यांची रचना याच तत्त्वावर आहे. हाताला लागणारा गिलावा खारट दमट होता आणि जेथे तो सुटला होता तेथे आतली वीट व वाळूचा दगड स्पष्ट दिसत होता.

या गिलाव्याविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. तेथील जतनाच्या कामात चुन्याचा वापर होतो. सिमेंट कडक असते आणि आतला ओलावा बाहेर पडू देत नाही, त्यामुळे क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली साचतात आणि दगडच सालीसारखा सुटू लागतो. चुना मात्र स्वतः झिजतो आणि दगडाला वाचवतो. खाऱ्या वाऱ्यात हा फरक काही वर्षांतच उघड होतो. जुन्या तटाला सिमेंटचे थिगळ लावल्यावर काय होते, हे आपल्याकडे अनेक किल्ल्यांवर पाहायला मिळते, त्यामुळे सान हुआनच्या तटाजवळ उभे राहून दगडांमधले ते पांढुरके, किंचित मऊ सांधे पाहताना मला मनापासून समाधान वाटले.

या किल्ल्याचा लढायांचा इतिहास अपयशासकट सांगितला जातो, हीदेखील मला फार मोलाची गोष्ट वाटली. १५९५ मध्ये इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक चांदीच्या लोभाने येथे आला आणि किल्ल्याच्या तोफांनी त्याला परतवले. पण तीनच वर्षांनी, १५९८ मध्ये, कम्बरलंडचा अर्ल या इंग्रज सरदाराने समुद्राचा नाद सोडून पूर्वेकडून जमिनीवरून हल्ला केला आणि एल मोरो जिंकला. त्याला तेथून हुसकावले ते आमांशाच्या साथीने. १६२५ मध्ये डच सेनापती बाउडेवाइन हेंड्रिक्सझोन बंदरात घुसला, गव्हर्नर हुआन दे आरो किल्ल्यात टिकून राहिला, आणि किल्ला मिळत नाही असे पाहून डचांनी शहर जाळले. म्हणजे समुद्राकडून अभेद्य असलेला किल्ला पाठीकडून उघडा होता, आणि किल्ला वाचला तरी गाव वाचले नाही. हे दोन धडे स्पॅनिशांना फार महागात पडले. शहराभोवतीचा तट आणि पूर्वेचा सान क्रिस्तोबाल हे त्या धड्यांचे फळ आहे. हा क्रम मनात धरून चालले, की दुसऱ्या किल्ल्याची प्रत्येक भिंत कोणत्या भीतीतून उभी राहिली हे आपोआप कळत जाते.

एल मोरोवर अमेरिकेच्या आरमाराने १२ मे १८९८ रोजी केलेल्या तोफमाऱ्याच्या खुणाही जपलेल्या आहेत, आणि भिंतीत अडकून राहिलेला गोळ्याचा तुकडा दाखवला जातो. ज्या देशाच्या आरमाराने तो मारा केला, त्याच देशाची राष्ट्रीय उद्यान सेवा आज ही खूण जपते आहे. किल्ल्यावर अमेरिकेच्या आणि प्वेर्तो रिकोच्या ध्वजांबरोबर जुना स्पॅनिश लष्करी ध्वज, म्हणजे बर्गंडीचा तांबडा क्रूस, फडकतो. दुसऱ्या महायुद्धात बांधलेल्या काँक्रीटच्या टेहळणी चौक्याही त्यांनी पाडून टाकलेल्या नाहीत. अमेरिकी सैन्य येथून १९६१ मध्ये हलले. तोवर पुढच्या मैदानात अधिकाऱ्यांचे गोल्फचे मैदानसुद्धा होते.

सान क्रिस्तोबाल मला एल मोरोपेक्षाही अधिक आवडला, आणि वेळ कमी असेल तर याच किल्ल्याला जास्त वेळ द्यावा असे मी सुचवीन. पर्यटक बहुधा उलट करतात, कारण छायाचित्रांत एल मोरो अधिक देखणा येतो. सान क्रिस्तोबालचे काम १६३४ मध्ये सुरू झाले, परंतु त्याचे आजचे स्वरूप प्रामुख्याने १७६५ नंतरचे आहे. १७६२ मध्ये इंग्रजांनी हवाना घेतल्यावर हादरलेल्या स्पेनच्या राजाने आलेहान्द्रो ओरेयी या सेनाधिकाऱ्याला पाहणीसाठी पाठवले आणि तोमास ओदाली या स्थापत्यज्ञाच्या देखरेखीखाली कामाला वेग आला. दोघेही मूळचे आयर्लंडचे. स्पेनने अमेरिका खंडांत बांधलेल्या किल्ल्यांत हा सर्वांत मोठा असून त्याचा विस्तार सुमारे २७ एकर होता. शहर वाढू लागल्यावर १८९७ मध्ये पूर्वेकडच्या तटाचा काही भाग पाडण्यात आला.

या किल्ल्याचे मर्म पाठोपाठच्या संरक्षक रचनांत आहे. मुख्य किल्ल्याच्या पुढे खंदकाने तोडलेला एक भाग, त्याच्या पुढे आणखी एक, असे ते थर आहेत, आणि मागचा प्रत्येक भाग पुढच्यापेक्षा उंच. शत्रूने पुढचा भाग जिंकला तरी तो मागच्या तोफांच्या थेट माऱ्यात उघडा पडतो, कारण जिंकलेल्या भागाला मागच्या बाजूने आडोसाच ठेवलेला नाही. राजगडाच्या संजीवनी माचीवर जे चिलखती, म्हणजे दुहेरी भिंतीचे, बुरूज आहेत, त्यांच्यामागचा विचार याच जातीचा आहे. १७९७ मध्ये राल्फ अबरक्रॉम्बी मोठे इंग्रज सैन्य घेऊन याच पूर्व बाजूने आला आणि सुमारे पंधरवड्यात माघारी फिरला. त्या वेढ्याविषयी एक लोककथा सांगतात: बिशपसह शहरातील स्त्रियांनी मशाली घेऊन, घंटा वाजवत रात्री मिरवणूक काढली आणि इंग्रजांना नवी कुमक आल्यासारखे वाटले. जुन्या शहरात तटाजवळ तिचे ला रोगातिवा नावाचे शिल्प आहे. कथा म्हणूनच ती घ्यावी, पण शिल्प पाहण्याजोगे आहे.

आता पाणी. सान क्रिस्तोबालचा मुख्य चौक पाहताना बहुतेक लोक भोवतालच्या कमानींची छायाचित्रे काढतात. मी फरसबंदीकडे पाहत होतो. चौकाला आणि छपरांना उतार दिलेला आहे, पावसाचे पाणी त्यावरून एकत्र येते आणि चौकाच्या खाली बांधलेल्या पाच प्रचंड टाक्यांत उतरते. मुख्य बेटालगतच्या ज्या खडकाळ चिंचोळ्या लहान बेटावर हे जुने शहर आहे तेथे गोडे पाणी मिळवणे कठीण, आणि वेढा पडला तर ते अशक्यच. म्हणून किल्ल्याचे छप्पर आणि अंगण हेच पाणलोट क्षेत्र केले. सज्जनगडावरची तळी, अजिंक्यताऱ्यावरची तळी, डोंगरातील खोदीव टाकी या सगळ्यांमागे आपल्या पूर्वजांनी जो विचार केला, तोच येथे बांधीव रूपात आहे. फरक राखणीचा. तेथे पाण्याचा हा सगळा मार्ग फलकावरच्या छेदचित्रात दाखवला आहे, त्यामुळे दहा-बारा वर्षांच्या मुलालाही तो समजतो. माझ्या नातवाने ते चित्र पाहून चौकात पाण्याचा उतार स्वतः शोधून काढला आणि मला म्हणाला, "आजोबा, म्हणजे आपण आत्ता धरणावर उभे आहोत." पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला याहून अधिक आनंदाचे दुसरे काय असणार?

चौकाच्या खालून भुयारे निघतात. काही भुयारे सैन्याच्या ये-जा करण्यासाठी, तर काही सुरुंगांसाठी होती. शत्रू वरच्या जमिनीवर आला की भुयारात ठेवलेली दारू पेटवून ती जमीनच त्याच्या पायाखालून उडवायची, अशी ती योजना. सातारकराला हे पाहताना १७०० सालचा एप्रिल महिना आठवल्यावाचून राहत नाही. औरंगजेबाने अजिंक्यताऱ्याला वेढा घातला होता, प्रयागजी प्रभू किल्लेदार होते, मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. पहिल्या स्फोटाने किल्ल्यातली माणसे गाडली गेली आणि दुसऱ्याने तटाचा दरडीसारखा ढिगारा बाहेरच्या बाजूला मोगलांवरच कोसळला. आपल्याकडे ही घटना ऐकून माहीत असते. सान क्रिस्तोबालच्या भुयारात कमरेतून वाकून, दमट अंधारात उभे राहिल्यावर सुरुंग खणणाऱ्याचे आणि त्याची चाहूल घेणाऱ्याचे काम शरीराला कळते. अजिंक्यताऱ्यावरील मंगळाईच्या बुरुजापाशी त्या वेढ्याचा एक नकाशा, एक छेदचित्र उभे करता आले तर साताऱ्यातील शाळकरी मुलांना केवढा ठेवा मिळेल, हे मी तेथे उभा असताना सतत मनात घोळवत होतो.

भुयाराच्या कडेला एक कोठडी आहे आणि तिच्या भिंतीवर कोण्या कैद्याने काढलेली शिडाच्या जहाजांची चित्रे आहेत. काढणाऱ्याला जहाजाची दोरखंडांसह बारीक माहिती होती, हे रेषा पाहताच कळते. चित्रे काचेआड जपलेली आहेत. आपल्या किल्ल्यांवर भिंतींवर नावे कोरणाऱ्यांविषयी आपण सगळेच हळहळतो. येथे मात्र जुनी कोरणी पुरावा म्हणून जपली जाते आणि नव्याने कोरणाऱ्यावर लक्ष ठेवले जाते. असे दोन्ही एकाच वेळी करता येते.

शुल्काविषयी: मी गेलो तेव्हा प्रौढांसाठी १० डॉलर होते, लहान मुलांना काही नाही, आणि तीच पावती २४ तासांत दोन्ही किल्ल्यांना चालत होती. रोख पैसे घेत नाहीत, कार्ड लागते. संध्याकाळी लवकर बंद होते, म्हणून वेळा जाण्याआधी पाहून घ्याव्यात. एवढ्या रकमेत दोन किल्ले, स्वच्छ प्रसाधनगृहे, नीट बसवलेले फलक आणि विचारले ते मनापासून सांगणारे गणवेशधारी कर्मचारी मिळतात, तर पैसे पुरेपूर वसूल होतात. दोन किल्ल्यांमधले अंतर दीड किलोमीटरच्या आसपास आहे आणि रस्ता समुद्राच्या कडेने जातो. वाटेत तटाबाहेर, खाली लाटांलगत ला पेर्ला ही वस्ती दिसते. कत्तलखाना, गुलामगिरीतून सुटलेली माणसे, गरीब कष्टकरी अशा ज्यांना शहराच्या आत जागा नव्हती, त्यांची ती जागा होती. तिच्या पलीकडे तटाखाली १८६३ मधले स्मशान आहे; पांढऱ्या संगमरवरी थडग्यांमागे निळा समुद्र अशी त्याची मांडणी असून प्वेर्तो रिकोचे राष्ट्रवादी नेते पेद्रो आल्बिसू काम्पोस यांचे दफन तेथेच आहे.

एका खासगी कंपनीची पायी फेरी आम्ही घेतली, ती मला पसंत पडली नाही, आणि ज्यांना किल्ले नीट पाहायचे आहेत त्यांनी तसली घाईची फेरी टाळावी. वाटाड्याने भुतांच्या गोष्टी, चाच्यांचे किस्से आणि दुकानांच्या शिफारशी यांत वेळ घालवला; गारिता देल दिआब्लो या चौकीतून पहारेकरी कसे नाहीसे होत, हे त्याने रंगवून सांगितले. पण हे तट बांधणाऱ्या हातांविषयी एक अक्षरही त्याच्या तोंडून निघाले नाही. गुलाम करून आणलेली आफ्रिकी माणसे आणि शिक्षा भोगणारे कैदी यांच्या श्रमावर हे दगड चढलेले आहेत, आणि ते सांगितल्यावाचून १८ फूट जाडीच्या भिंतीचे कौतुक अपुरे राहते. किल्ल्यावरच्या फलकांचे वाचन आणि तेथील कर्मचाऱ्यांशी बोलणे यांतून मिळालेली माहिती त्या फेरीपेक्षा कितीतरी सरस होती.

शहराचा उरलेला भाग थोडक्यात. रस्त्यांवर निळसर झाक असलेल्या घडीव चिरा आहेत. लोखंड गाळताना उरणाऱ्या धातुमळीपासून त्या ओतलेल्या असून पावसात त्यांचा रंग खुलतो आणि त्या फार निसरड्याही होतात, म्हणून चांगल्या तळव्याचे बूट घालावेत. सान हुआन दरवाजा हा जुन्या शहराच्या उरलेल्या दरवाजांतला महत्त्वाचा. जहाजातून उतरलेले अधिकारी याच दाराने शिरून थेट कॅथेड्रलकडे जात. कॅथेड्रलमध्ये बेटाचा पहिला गव्हर्नर पोन्से दे लेओन याची संगमरवरी कबर आहे. ला फोर्तालेझा या वास्तूचे काम १५३३ मध्ये किल्ला म्हणून सुरू झाले, पण जागा चुकल्यामुळे बंदराच्या तोंडावर एल मोरो बांधावा लागला. आज तेथे गव्हर्नर राहतात. ही वास्तू आणि दोन्ही किल्ले यांना युनेस्कोने १९८३ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतले.

शाकाहारी मंडळींनी एक काळजी घ्यावी. हिरव्या केळ्याचे तळलेले काप आणि लसूण घालून कुटलेला मोफोंगो हा तेथील मुख्य पदार्थ, पण त्यात डुकराचे तळलेले मांस बहुधा घालतात, आणि राजम्यासारख्या दिसणाऱ्या उसळीतही मांसाचा तुकडा शिजवलेला असतो. मागणी करतानाच स्पष्ट विचारावे. साधा भात, केळ्याचे काप आणि एवोकॅडो यांवर एक दिवस आरामात निघतो. हातगाडीवर किसलेल्या बर्फावर पाक घालून मिळणारी पिराग्वा म्हणजे आपल्या जत्रेतला बर्फाचा गोळाच समजावा, आणि किल्ल्याच्या उन्हातून आल्यावर तो हवासा वाटतो.

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी: एल मोरोच्या दारापर्यंत वाहन जात नाही, मैदान चालतच पार करावे लागते आणि तेथे सावली नाही. वारा असल्यामुळे ऊन जाणवत नाही, पण लागते. टोपी, पाण्याची बाटली आणि सकाळची वेळ या तिन्ही गोष्टी सोडू नयेत. सौ.ला उतार उतरताना त्रास झाला, तेव्हा त्यांनी वरच्या चौकातच थांबून समुद्र पाहिला, आणि तेवढ्यावरही त्या पूर्ण समाधानी होत्या.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश या नावाने १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले आणि त्यांत आपल्या जिल्ह्यातला प्रतापगड आहे, ही प्रत्येक सातारकराला अभिमान वाटावी अशी गोष्ट आहे. १६५६ मध्ये मोरोपंत पिंगळे यांच्या देखरेखीखाली बांधलेल्या त्या गडाला आता जगभरातून जाणकार पाहुणे येतील. सान हुआनचे किल्ले या यादीत चाळीस वर्षांपेक्षा अधिक काळ आहेत, आणि तेथून उचलण्यासारख्या गोष्टी खर्चिक नाहीत: तटाच्या डागडुजीला चुना, प्रत्येक टाक्यापाशी पाण्याचा मार्ग दाखवणारे छेदचित्र, बुरुजावर उभे राहून कोणत्या दिशेला काय दिसते याचा नकाशा, आणि जावळीच्या रानातून खानाचे सैन्य कोणत्या वाटेने आले हे दाखवणारा एक मोठा पट. प्रतापगडाखालच्या गावांतील तरुण मुलांना हे सगळे नेमकेपणाने सांगण्याचे प्रशिक्षण मिळाले, तर बाहेरून वाटाडे आणण्याची गरजही उरणार नाही. त्या वाटा त्यांच्या पायाखालच्याच आहेत.

जाणाऱ्यांनी सकाळी सान क्रिस्तोबाल गाठावा, भुयारे आणि चौक निवांत पाहावेत, दुपार कॅथेड्रल आणि दरवाजा यांच्या सावलीत घालवावी, आणि त्याच पावतीवर दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडताच एल मोरो गाठावा. फक्त २४ तासांची मुदत मोजून ठेवावी. शक्यतो डिसेंबर ते एप्रिल या काळात जावे, कारण जून ते नोव्हेंबर तेथे चक्रीवादळांचा हंगाम असतो. परतीच्या विमानापूर्वी सामानाची कृषी खात्याकडून तपासणी होते, तेव्हा तेथील फळे पिशवीत घालून आणण्याचा मोह टाळावा आणि विमानतळावर अर्धा-पाऊण तास अधिक हाताशी ठेवून निघावे.